नव्या नर्सचे पहिले वर्ष : रेसिडेन्सी कार्यक्रम कसा आखावा आणि कसा चालवावा

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील लहान-मध्यम रुग्णालयांच्या अधिसेविका, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर आणि व्यवस्थापक यांच्यासाठी हा लेख आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग पूर्ण करून नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींसाठी वर्षभराचा कार्यक्रम हाती घेणारी रुग्णालये आता किनारपट्टीवरही दिसू लागली आहेत, पण हा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी एकाच जागी फसतो. पहिल्या आठवड्यात व्याख्याने होतात, हजेरीपटावर सह्या होतात आणि दहाव्या दिवशी त्या मुलीचे नाव ड्यूटीच्या तक्त्यात पूर्ण माणूस म्हणून लागते. त्यानंतर कार्यक्रम फाइलमध्ये चालू राहतो आणि मुलगी वॉर्डात एकटी पडते.

नावाबद्दलचा गोंधळ आधी दूर करावा. येथे ‘रेसिडेन्सी’ म्हणजे डॉक्टरांची पदव्युत्तर रेसिडेन्सी नव्हे, आणि भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही नव्हे. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत नव्या नर्ससाठी साधारण १२ महिन्यांचा कार्यक्रम असतो. त्यात सुरुवातीला काही आठवडे अनुभवी नर्सच्या जोडीने काम आणि पुढे वर्षभर दरमहा बैठक अशी रचना असते. तीच रचना आपल्या मनुष्यबळात आणि आपल्या पावसाळ्यात बसवायची आहे. यातून पदवी मिळत नाही. रुग्णाजवळ सुरक्षितपणे एकटे उभे राहता येणे, एवढेच त्याचे फळ आहे.

टप्पा १ : रुजू होण्यापूर्वीची तयारी

पहिली गोष्ट तारखेची. कोकणात जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून वॉर्डाचे रूप पालटते. सर्पदंश, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), तापाचे रुग्ण आणि घसरून किंवा झाडावरून पडलेली माणसे एकदम येऊ लागतात, आणि शिकवणाऱ्या सिस्टरला स्वतःचे पाणी प्यायलाही सवड राहत नाही. त्यामुळे शक्य असेल तर नवी तुकडी मार्चच्या सुरुवातीला रुजू करून घ्यावी, म्हणजे पहिले तीन महिने पावसाआधी पूर्ण होतात. जुलैमध्येच भरती करावी लागली, तर ते तीन महिने कमी न करता ऑक्टोबरपर्यंत न्यावेत.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी हाती आल्याशिवाय कोणालाही स्वतंत्र जबाबदारी देऊ नये. परराज्यात शिकलेल्या उमेदवारांनाही महाराष्ट्रात काम करण्यासाठी येथील परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि त्यात वेळ जातो हे गृहीत धरावे. मूळ प्रमाणपत्रे पाहून परत द्यावीत आणि फक्त छायाप्रती ठेवून घ्याव्यात. बाँडच्या नावाखाली मूळ कागद अडकवून ठेवण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही, कारण तिथे मुलगी शिकण्यासाठी थांबत नाही, अडकली म्हणून थांबते.

तिसरी गोष्ट लसीकरणाची. हेपॅटायटिस बी लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिने असे द्यावे लागतात, म्हणून पहिला डोस रुजू होण्याच्या दिवशीच द्यावा. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून तिचा निकाल फाइलला लावावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ड्यूटीच्या तक्त्याची. पहिले १२ आठवडे नव्या नर्सचे नाव तक्त्यात वेगळ्या रंगाने लिहावे आणि माणसे मोजताना तिला धरू नये. व्यवस्थापनाशी याची बोलणी आधीच करून लेखी मान्यता घ्यावी. ‘शेवटच्या वर्षी इंटर्नशिप केलीच आहे की’ असे उत्तर मिळेल. इंटर्नशिपमध्ये तिच्या हातून झालेल्या कामावर कोणाची तरी नजर होती, येथे चूक झाल्यास जबाबदारी तिच्यावर येणार आहे, हा फरक शांतपणे समजावून सांगावा.

तपासणी : रुजू होण्याच्या आठवडाभर आधी नोंदणी, लस, राहण्याची सोय, रात्रपाळीच्या जाण्यायेण्याची सोय आणि वेगळ्या रंगाचा तक्ता या पाचही गोष्टी अधिसेविकेने स्वतः पाहाव्यात. एखादी राहिली असेल तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलावी.

टप्पा २ : प्रिसेप्टरची निवड

नव्या नर्सच्या जोडीला जी अनुभवी सिस्टर दिली जाते तिला प्रिसेप्टर म्हणतात. वॉर्डातली सर्वांत ज्येष्ठ किंवा सर्वांत चपळ सिस्टर निवडणे ही नेहमीची चूक आहे. चपळ माणसाला शिकवण्यापेक्षा स्वतः करून टाकणे सोपे वाटते. साधारण तीन ते सात वर्षांचा अनुभव असलेली, प्रश्न विचारल्यावर न चिडणारी आणि ‘मला माहीत नाही, आपण पाहू’ असे म्हणू शकणारी सिस्टर निवडावी. एका प्रिसेप्टरकडे एकच नवी नर्स द्यावी आणि दोघींच्या पाळ्या व साप्ताहिक सुट्ट्या सारख्या लावाव्यात. शिकवण्याच्या काळात प्रिसेप्टरकडचे रुग्ण कमी करावेत. ते जमत नसेल, तर शिकवण्याची अपेक्षा ठेवू नये.

इशारा : जोडी आठवड्याला बदलू नये. रोज नव्या सिस्टरच्या मागे फिरणाऱ्या मुलीला पाच जणींच्या पाच पद्धती दिसतात, आणि ती त्यांतली सर्वांत सोपी पद्धत उचलते.

टप्पा ३ : पहिले दोन आठवडे

या काळात रुग्णाला औषध देण्याचे काम तिच्याकडे मुळीच नसावे. तिने वॉर्ड ओळखावा. क्रॅश ट्रॉलीचा (आणीबाणीच्या औषध-साहित्याच्या गाड्याचा) कुठला कप्पा कशाचा आहे, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे टांगलेली असते, वीज गेल्यावर जनरेटर येईपर्यंत सक्शनचे काय करायचे, रक्तपेढीला फोन कोण करतो, हे तिला डोळे मिटून सांगता आले पाहिजे. हात धुण्याचे सहा टप्पे तिला पाठ असतात, पण साबणपाण्याला ४० ते ६० सेकंद आणि हँडरबला २० ते ३० सेकंद लागतात हे घड्याळ लावून एकदा करून घ्यावे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत काय टाकायचे हे मामा-मावशींबरोबर (वॉर्डातल्या मदतनीस कर्मचाऱ्यांबरोबर) एक दिवस काम करून शिकावे. ते तक्त्यावरून शिकवण्यापेक्षा फार चांगले समजते, आणि वॉर्डातल्या या माणसांशी तिची ओळखही होते.

सुई टोचली तर काय करायचे हे पहिल्याच दिवशी सांगावे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये, आणि लगेच इन्चार्जला कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. ‘सिस्टर ओरडतील’ या भीतीने सकाळपर्यंत गप्प बसलेली मुलगी मी पाहिली आहे. तिची भीती ही आमची चूक होती.

भाषेचाही एक तास ठेवावा. आपल्याकडे कितीतरी घरांत सापाचे नाव तोंडाने घेत नाहीत. नातेवाईक ‘पान लागलं’ किंवा ‘जनावर चावलं’ असे सांगतात. नागपूरहून किंवा केरळहून आलेल्या नर्सने ‘जनावर’ म्हणजे कुत्रे समजून रेबीजच्या लसीची तयारी केली, तर त्यात तिचा दोष नाही. असे २५-३० शब्द वॉर्डातल्या मावशींकडूनच लिहून घ्यावेत आणि नव्या नर्सच्या वहीत चिकटवावेत.

तपासणी : चौदाव्या दिवशी प्रिसेप्टरने कोणतीही पाच साहित्ये मागावीत. प्रत्येक वस्तू एका मिनिटात हातात आली, तरच पुढच्या टप्प्याकडे जावे.

टप्पा ४ : तिसरा ते बारावा आठवडा

प्रत्येक कौशल्याचा क्रम चार पायऱ्यांचा ठेवावा. आधी ती पाहील, मग प्रिसेप्टरला मदत करील, मग प्रिसेप्टरच्या नजरेखाली स्वतः करील, आणि शेवटी एकटीने करून नंतर दाखवील. यासाठी कौशल्याचा एक तक्ता ठेवावा, आणि त्यात प्रत्येक पायरीसमोर तारीख आणि सही हवी. एकदा जमले म्हणून सही करू नये. तीन वेगवेगळ्या रुग्णांवर तेच काम नीट झालेले पाहावे. तिच्याकडे सुरुवातीला एक स्थिर रुग्ण, पाचव्या आठवड्यापासून दोन, आणि आठव्यापासून चार रुग्ण द्यावेत. संख्येपेक्षा त्या रुग्णांचे संपूर्ण काम तिचे असणे महत्त्वाचे आहे. सगळ्या वॉर्डाचे टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) घेण्यासाठी तिला पळवणे म्हणजे शिकवणे नव्हे.

टीपीआरवरून आठवले. कोणत्याही वॉर्डातला चार्ट उघडून श्वसनाचा रकाना पाहा, बहुतेक ठिकाणी ओळीने २०, २०, २० लिहिलेले दिसते. रुग्ण बिघडू लागला की पुष्कळदा श्वासाचा वेगच आधी वाढतो, आणि तोच आकडा आपण अंदाजाने लिहितो. नव्या नर्सला पहिल्या दिवसापासून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावावे, प्रिसेप्टरने त्याच वेळी मोजावे आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत. रुग्णाला ‘श्वास मोजते’ असे सांगू नये. नाडीवर हात ठेवूनच छातीकडे पाहावे, नाहीतर तो श्वासाकडे लक्ष देतो आणि वेग बदलतो.

सलाईनच्या थेंबांचा हिशेब तिने प्रत्येक वेळी कागदावर करावा. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचे असेल आणि सेट १ मिलीला २० थेंबांचा असेल, तर मिनिटाला सुमारे २१ थेंब येतात. सेट १५ थेंबांचा असेल तर तेच १६ होतात. थेंबांचा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो, आणि तो वाचल्याशिवाय पाकीट फाडू नये.

औषधांमध्ये सर्वांत जास्त वेळ इन्सुलिनला द्यावा. आपल्याकडे १ मिलीला ४० युनिटची कुपी आणि १ मिलीला १०० युनिटची कुपी अशा दोन्ही मिळतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० युनिटच्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत औषध घेतले, तर रुग्णाला १० ऐवजी २५ युनिट जातात. मी इन्चार्ज असताना एका रात्री नेमके हेच घडले. पहाटे रुग्ण घामाने निथळत होता आणि हाक मारल्यावर नीट बोलत नव्हता. साखर तपासून लगेच शिरेतून डेक्स्ट्रोज दिले म्हणून तो सावरला. इंजेक्शन देणारी मुलगी रुजू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. दोन्ही प्रकारच्या सिरिंजा एकाच ट्रेमध्ये ठेवल्या होत्या, आणि तो ट्रे माझ्या वॉर्डातला होता. तेव्हापासून मी कुपी आणि तिची सिरिंज एकाच डब्यात आणि दोन प्रकारचे डबे दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवते. इन्सुलिन भरल्यावर दुसऱ्या सिस्टरने कुपी, सिरिंज आणि खूण या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय ते टोचले जात नाही.

इशारा : पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेतून कधीही देऊ नये, आणि त्याच्या कुप्या डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवू नयेत. नव्या नर्सच्या हाती ही कुपी पहिल्या सहा महिन्यांत एकटीने पडू देऊ नये.

टप्पा ५ : ओव्हर देणे आणि डॉक्टरांना फोन करणे

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला दिली जाणारी रुग्णांची माहिती, रुग्णाच्या उशाशी उभे राहून द्यावी, टेबलाजवळ नव्हे. सलाईनची जागा सुजली आहे का, लघवीच्या पिशवीत किती आहे, चालू औषधाची बाटली कोणती आहे, हे दोघींनी एकत्र पाहावे. नवी नर्स सुरुवातीला सगळे पाठ केल्यासारखे सांगते आणि मुख्य गोष्ट शेवटी राहते. म्हणून ‘पुढच्या आठ तासांत या रुग्णाची मला कशाची काळजी वाटते’ हे वाक्य ओव्हरमध्ये सर्वांत आधी यावे.

डॉक्टरांना फोन करणे हे वेगळे कौशल्य आहे आणि त्याचा सराव करून घ्यावा लागतो. ‘सर, सात नंबरच्या पेशंटला जरा बरं वाटत नाहीये’ असा फोन रात्री दोन वाजता आला, तर ‘बघ, सकाळी येतो’ हेच उत्तर मिळते. सद्यःस्थिती, पूर्वपीठिका, स्वतःचे निरीक्षण आणि मागणी या चार पायऱ्यांत बोलायला शिकवावे. उदाहरणार्थ : ‘सर, पुरुष मेडिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड सातच्या काकांची लघवी गेल्या सहा तासांत फक्त ९० मिली झाली आहे. ते काल ताप आणि अंगदुखी म्हणून दाखल झाले, लेप्टोचा संशय आहे, वजन ६० किलो. आत्ता श्वास २८, बीपी ९०/६०, आणि ते मघापेक्षा सुस्त वाटतात. तुम्ही आत्ता येऊन पाहावे अशी माझी विनंती आहे. तोपर्यंत काय सुरू करू?’ तोंडी मिळालेला आदेश लिहून, पुन्हा वाचून दाखवून, मग फोन ठेवावा.

तपासणी : बाराव्या आठवड्याच्या आत असे किमान पाच फोन तिने प्रिसेप्टर शेजारी असताना केलेले असावेत.

टप्पा ६ : पहिली रात्रपाळी

बारा आठवडे पूर्ण झाले म्हणून नव्हे, तर कौशल्याच्या तक्त्यावर सह्या पूर्ण झाल्या म्हणून रात्रपाळी द्यावी. पहिल्या सहा रात्री प्रिसेप्टरबरोबरच असाव्यात. त्यानंतरही वॉर्डात किंवा हाकेच्या अंतरावर एक अनुभवी सिस्टर असेल, अशीच पाळी लावावी.

मुसळधार पावसात येथे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. घाटात दरड येते, खाडीचे पाणी रस्त्यावर येते, एसटी बंद होते आणि पुढच्या पाळीची माणसे पोहोचत नाहीत. मग जी आत आहे तिलाच डबल करावी लागते. नव्या नर्सला डबल पाळीत वॉर्डावर एकटी ठेवू नये हा नियम पावसाआधी लिहून लावावा, आणि रुग्णालयाजवळ राहणाऱ्या कोणत्या दोन सिस्टरना अशा वेळी बोलवायचे हेही ठरवून ठेवावे. पाणी चढल्यावर हे ठरवायला कोणालाच सुचत नाही.

टप्पा ७ : पावसाळ्याची तयारी

मेच्या शेवटच्या पंधरवड्यात सर्पदंशाचा सराव घ्यावा. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, म्हणून २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नव्या नर्सला स्वतः करता आली पाहिजे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यावे, नळी २० मिनिटे हलवू नये, आणि मग एकदाच तिरकी करून पाहावी. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निकालावर विश्वास ठेवता येत नाही. नेहमी होणारी चूक म्हणजे दहाव्या मिनिटाला कोणीतरी उत्सुकतेने नळी उचलून पाहतो. नळीशेजारी वेळ लिहिलेला कागद ठेवला की हे थांबते.

विषप्रतिबंधक लसीच्या पावडरच्या कुपीत १० मिली पाणी घालून ती अलगद फिरवावी लागते, जोरात हलवली तर फेस होतो. पहिल्याच मात्रेला आठ-दहा कुप्या लागू शकतात आणि एकटीला तेवढ्या विरघळवायला किती वेळ लागतो, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. मुदत संपलेल्या कुप्यांवर ‘फक्त सरावासाठी’ अशी चिठ्ठी लावून, त्या औषधांच्या कपाटापासून दूर ठेवून, हा सराव करावा. लस सुरू करण्याआधी अॅड्रेनालिन भरलेली सिरिंज उशाशी असावी, आणि सुरुवातीची १५ मिनिटे नर्सने रुग्णाजवळून हलू नये. खाज, गांधी, उलटी, थंडी किंवा धाप दिसताच लस थांबवून डॉक्टरांना हाक मारावी. नातेवाइकांनी घट्ट दोरी बांधून आणली असेल, तर डॉक्टर येण्यापूर्वी ती झटकन सोडू नये.

मण्यारीचा दंश आणखी फसवा असतो. तो बहुधा रात्री झोपेत होतो, खूण जवळजवळ दिसत नाही, आणि पहाटे रुग्ण पोटात दुखते म्हणून येतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटदुखी घेऊन आलेला रुग्ण दिसला, की त्याच्या पापण्या खाली येताहेत का आणि त्याला थुंकी गिळता येते का, हे दर काही मिनिटांनी पाहायला शिकवावे.

लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत दुखणे आणि लाल डोळे घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचे तासातासाचे लघवीचे माप ही नर्सची मुख्य जबाबदारी असते. ताशी दर किलोमागे अर्ध्या मिलीपेक्षा कमी लघवी झाली, तर ती फक्त नोंदून न थांबता कळवायची असते. आणि माडा-पोफळीवरून पडलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी कसे उचलायचे, याचा मामांसह एकदा सराव घ्यावा.

टप्पा ८ : चौथा ते बारावा महिना

या काळात तिला तीन-तीन महिन्यांसाठी दुसऱ्या विभागांत पाठवावे. अतिदक्षता विभाग सर्वांत शेवटी ठेवावा. प्रत्येक नव्या विभागात पहिले दोन आठवडे पुन्हा जोडीने काम असावे, कारण मेडिकल वॉर्डात तयार झालेली नर्स प्रसूती विभागात नवखीच असते.

महिन्यातून एकदा सर्व नव्या नर्सची दोन तासांची बैठक घ्यावी, आणि ती ड्यूटीच्या वेळेतच असावी. रात्रपाळी संपवून आलेल्या मुलीला त्यात बसवू नये. बैठकीत एक घडलेली चूक किंवा थोडक्यात टळलेली चूक समोर ठेवावी. पहिल्या बैठकीत इन्चार्जने स्वतःची चूक सांगावी, माझ्याकडे ती इन्सुलिनची आहे. त्यानंतर मुली बोलू लागतात. तिथे बोललेली गोष्ट वार्षिक मूल्यमापनात वापरली गेली, तर पुढची बैठक मुकी होते, म्हणून ही नोंद वेगळ्या वहीत, नावाशिवाय ठेवावी.

सहाव्या महिन्याच्या सुमारास अनेक जणींना नोकरी सोडावीशी वाटते. झोप बिघडलेली असते, घर लांब असते, आणि एखादा रुग्ण डोळ्यांसमोर गेलेला असतो. त्या आठवड्यात अधिसेविकेने प्रत्येकीशी एकटीला बोलावून अर्धा तास बोलावे, आणि त्यात कामाचा हिशेब काढू नये.

बाराव्या महिन्यात अधिसेविका, प्रिसेप्टर आणि ती स्वतः अशा तिघींनी कौशल्याचा तक्ता वाचावा. जिथे सही नाही त्या कामासाठी मुदत वाढवावी, मात्र संपूर्ण वर्ष पुन्हा करायला लावू नये. तक्त्याची मूळ प्रत तिला द्यावी आणि छायाप्रत रुग्णालयाने ठेवावी. मार्चमध्ये येणाऱ्या नव्या तुकडीला भाषेचा तास याच मुलींनी घ्यावा, कारण आपल्याला कोणते शब्द कळले नव्हते हे त्यांना अजून आठवत असते.